चौथ्या ओळीतली सात अक्षरं

माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नासाठी माझ्या सासऱ्यांनी मंगलाष्टक लिहिलं आणि मी त्यात लाल पेनाने चुका काढल्या. एक-दोन नव्हे, चार. चारही नंबर घालून समासात लिहिल्या आणि खाली सही करून तारीख टाकली. सही-तारखेची काही गरज नव्हती, पण हाताला सवय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटीला आहे. समोर आलेला कागद एकतर मंजूर, नाहीतर नामंजूर. तिसरा प्रकार मला माहीत नाही. आमच्या घरात लग्नाचा मेनूसुद्धा माझ्यापासून लपवून ठरवला गेला तो याचमुळे.

सासरे ठाण्याला नौपाड्यात राहतात, आम्ही डोंबिवलीत. ते खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या अनाउन्समेंट तेच करायचे. त्यांचा आवाज एवढा सुटा आणि खणखणीत, की बायकोच्या म्हणण्यानुसार लहानपणी ती आईबरोबर डेपोत डबा द्यायला जायची तेव्हा लोक गाडी सुटत असतानाही थांबून ऐकायचे. यातलं थोडं मी वजा करतो, मुलगी बापाबद्दल बोलतेय म्हणून. पण आवाज होता खरा.

त्या घरातली रीत अशी, की कुणाचंही लग्न असलं तरी शेवटचं मंगलाष्टक सासऱ्यांचं. लिहायचं त्यांनीच, म्हणायचंही त्यांनीच. आधी गुरुजी म्हणोत, मावश्या म्हणोत, हौशी भाचे माइक सोडायला तयार नसोत, शेवटी हे उभे राहायचे आणि हॉलमधली कुजबुज बंद व्हायची. आमच्या लग्नातही म्हटलेलं. मी तेव्हा अंतरपाटाच्या अलीकडे फेटा सावरण्यात गुंतलेलो, त्यामुळे त्यातलं मला अक्षर आठवत नाही. बायकोला सगळं पाठ आहे.

या सगळ्याच्या चार महिने आधी एका सकाळी सासरे चहा पीत होते आणि चहा उजव्या बाजूने हनुवटीवर उतरला. त्यांना वाटलं कप गळतोय. त्यांनी कप बदलला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, बाकी मेंदू-बिंदू शाबूत. सुधारेल, पण वय एक्याऐंशी, तेव्हा किती आणि कधी ते सांगता येत नाही. उजवा डोळा नीट मिटेना, उजवा ओठ खाली आला. एक बाई घरी येऊन बोलण्याचे व्यायाम करून घ्यायच्या. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढायचे, मग साबणाचे फुगे उडवायचे. बुडबुडे त्यांनी काढले. फुगे मात्र गॅलरीत उडवायला नकार दिला, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून.

बोलणं कमी झालं. माणूस ऐंशीच्या पुढे गेला की कमी बोलतो, असं मी धरून चाललो. एकच वाक्य ते दर भेटीत ऐकवायचे. "नातीच्या लग्नात गाणार."

गाणार की नाही, हा त्या दिवसांत घरातला सगळ्यात नाजूक विषय होता. हॉलच्या मॅनेजरने पॅकेजमध्ये दोन गाणाऱ्या मुली आणि एक कीबोर्ड देऊ केलेला. मंगलाष्टकं त्याच म्हणतात, अगदी सुरात. हो की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. थोरली म्हणाली, आजोबा म्हणणार असतील तर मला कीबोर्ड नको. बायको आमंत्रणांची यादी घेऊन बसली. तिने असं मधेच काम काढलं की विषय गंभीर आहे असं समजायचं.

त्या आठवड्यात सासऱ्यांनी मला बोलावून कागद हातात दिला. म्हणाले, "हे घ्या. एकदा नजर घाला आणि कागद तयार करून आणा." म्हणजे छापून आणा. मंगलाष्टक छापून पाहुण्यांत वाटायचं, तेही त्यांच्याकडे रीतीतच बसतं. मला वाटलं, 'नजर घाला' म्हणजे तपासा. झालं.

त्या संध्याकाळी बायको थोरलीला घेऊन कल्याणला आमंत्रणं करायला गेलेली. जेवणाच्या टेबलावर मी एकटाच. कागदावर हे होतं:

दारी तोरण, अंगणात सनई, हासे घराचा चिरा
आईच्या नयनात एक हसरा, ओला, अनोखा झरा
जा लेकी, घर ते तुझेच सगळे, नाही निराळे जरा
आजोळी दिन एक ये, न चुकता

मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित, एवढं मला दहावीपासून माहीत. मराठीच्या पेपरात वृत्त ओळखण्याचे मार्क मी कधी सोडले नाहीत. कविता कळली नाही तरी वृत्त ओळखता येतं, हा त्यातला मोठा फायदा. प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरं. कुठलं लांब, कुठलं आखूड ते ठरलेलं. बाराव्या अक्षरानंतर श्वास घ्यायला थांबायचं, मग उरलेली सात. आमच्या कारखान्यात गेज असतो, भोकात घालून बघायचा, बसला तर माल पास. तसंच हे. मी पेन्सिलने प्रत्येक अक्षरावर लांबला आडवी रेघ आणि आखूडला अर्धगोल काढत गेलो. पहिल्या तीन ओळी गेजमध्ये चपखल. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मला थोडा रागच आला. तपासणाऱ्याला काहीच सापडलं नाही तर त्याचा काय उपयोग?

चौथ्या ओळीत सापडलं. तिथे बाराच अक्षरं, पुढची सात गायब. ही चूक नंबर एक.

मग हुरूप आला. नंबर दोन: आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही आणि चिरेबंदी तर नाहीच, सिमेंट आहे, तेही पोपडे आलेलं. नंबर तीन: मंगलाष्टकात वधू नाही, वर नाही, विवाह नाही, शुभ नाही. चुरमुऱ्याशिवाय भेळ. नंबर चार: नाद कोरडा. त्यांची आधीची मंगलाष्टकं मी ऐकलेली, त्यात 'म' कसा घुमायचा, कॅसेट लावल्यासारखा. इथे सगळं त, न, र, च. झांजा वाजल्यासारखं. वाचताना जीभ सारखी दातांवर. मी समासात लिहिलं, "माधुर्य कमी."

एक मुद्दा मात्र मी लिहिला नाही, कारण तो तपासणीत बसत नव्हता. कवितेत आई होती, लेक होती, आजोळ होतं. बाबा कुठेच नव्हता. हॉलची पायपीट मी केली, भाड्याची घासाघीस मी केली, आणि माझ्या मुलीच्या मंगलाष्टकात मी औषधालाही नाही. तिसऱ्यांदा वाचूनही सापडलो नाही. तेव्हा मी पहिली ओळ काढून तिथे स्वतः रचलेली घातली:

बाबांचे मन पावसात भिजले, भेटीस ये मोगरा

लग्न जानेवारीत, तरी पाऊस आणला. मोगरा भेटीला का येतो, ते मला आजही सांगता येणार नाही. सात अक्षरं हवी होती. पण गेजला बसली, शेवटी 'रा' आला, 'म' आणि 'भ' घुमले. चौथ्या ओळीपुढे 'कुर्यात् सदा मंगलम्' लिहून एकोणीस भरून काढली. स्वच्छ अक्षरात नवा कागद केला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटून थेट नौपाड्याला गेलो. सासऱ्यांनी आधी लाल पेनाचा कागद पाहिला, चारही मुद्दे शांतपणे वाचले. मग माझा नवा कागद घेऊन खुर्चीत सरळ बसले. म्हणायला सुरुवात करण्याआधी ते नेहमी तसे बसतात. 'बाबांचे' मधला पहिला 'बा' आलाच नाही. नुसती हवा निघाली आणि अक्षर आतच राहिलं. त्यांनी बोटाने उजव्या ओठाचा कोपरा वर धरला आणि पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा काहीतरी आलं. 'मन' कसंबसं गेलं. 'पावसात'ला ते थांबले, रुमालाने तोंड पुसलं, कागदाची नीट घडी केली आणि माझ्याकडे दिली.

"छान झालंय," म्हणाले. "आता त्या गाणाऱ्यांना द्या."

आणि मी काय केलं? मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. कविता पास झाली आणि गाण्याचा नाजूक विषयही त्यांनी आपणहून मिटवला. सासूबाई चहा ठेवते म्हणत होत्या, मी उशीर होतोय म्हटलं. रिक्षात बसल्या बसल्या मॅनेजरला फोन लावून सांगितलं, दोघींना पाठवा, कीबोर्डही येऊ दे.

घरी बायको भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, जरा रंगवून. ओळ तिला म्हणून दाखवली. मोगऱ्यापाशी तिने एकदा वर पाहिलं. 'गाणाऱ्यांना द्या' ऐकल्यावर मात्र तिने सुरी खाली ठेवली.

"बाबा असं म्हणाले?"

म्हटलं, हो, आणि छान झालंय असंही म्हणाले. तिने लगेच आईला फोन लावला. दोघींचं आत जाऊन बोलणं झालं. बाहेर येऊन तिने मला जे सांगितलं ते असं: गेले पंधरा दिवस बाबा रोज आरशासमोर वही घेऊन बसतायत. एकेक शब्द म्हणून बघतात, काही ठेवतात, काही खोडतात. गेल्या चार दिवसांपासून पूर्ण मंगलाष्टक म्हणतायत, आणि आईच्या मते काल तर अगदी पूर्वीसारखं लागलं. आज मी गेल्यानंतर त्यांनी वही कपाटात ठेवून दिली आणि टीव्ही लावून बसले.

"कालपर्यंत येत होतं आणि आज येत नाही," बायको म्हणाली. माहेरी ती मला अहो-जाहो करते, घरी एकेरीवर येते. "मधे फक्त तू जाऊन आलायस. काय बदललंस ते बघ."

दोषाचं मूळ शोधणं हे तर माझं रोजचं काम. जुना आणि नवा, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बारावीतल्या धाकटीकडून रंगीत पेनं मागून घेतली. लांब-आखूड दोन्हीकडे सारखं, वृत्तात दोष नाही. मग अक्षरांची जात बघितली. वर्णमालेतले पाच वर्ग एकाखाली एक लिहिले आणि मूळ कवितेतलं प्रत्येक व्यंजन ज्याच्या त्याच्या समोर रेघ मारून टाकत गेलो. क-वर्ग नऊ. च-वर्ग दहा. ट-वर्ग दोन. त-वर्ग सोळा, आणि तेही प्रत्येक ओळीत बरोबर चार. त्यांनी ते मुद्दाम केलं नसणार, पण मला फार समाधान वाटलं. प-वर्गासमोर एकही रेघ नाही.

शून्य आलं की क्वालिटीवाला आधी स्वतःवर संशय घेतो. माल इतका चांगला नसतो, आपण बघितलेलं नसतं. पुन्हा मोजलं. प नाही, फ नाही, ब नाही, भ नाही, म नाही. 'व' शोधला, तोही नाही. चार ओळी, एवढे शब्द, आणि मराठीतली एवढी वापरातली अक्षरं एकदाही नाहीत, हे आपोआप होत नाही. मी मोठ्याने म्हणून बघितलं, प, फ, ब, भ, म. प्रत्येक वेळी ओठाला ओठ लागला.

"बाबा, तू ठीक आहेस ना?" धाकटीने विचारलं.

मी ठीक नव्हतो. मला एकेक आठवत होतं. पूर्वी मला 'या जावईबापू' म्हणणारे सासरे चार महिने नुसतं 'अहो, या' म्हणत होते, आणि लग्नखर्चाच्या बोलण्यात माझं काही चुकलं म्हणून ते दुरावले, असं मी मनात धरलेलं. पोह्यांना ते नाश्ता म्हणायला लागलेले. 'छापून आणा' न म्हणता 'कागद तयार करून आणा' म्हणाले, ते मला जुन्या वळणाचं वाटलेलं. जे अक्षर ओठांशिवाय निघत नाही ते टाळून हा माणूस चार महिने बोलत होता, आणि आवाजावर जन्म काढलेला असल्याने तुटकं बोलण्यापेक्षा गप्प बसणं त्याला बरं वाटत होतं. वधू, वर, विवाह, शुभ, काहीच त्याच्या हातात उरलं नव्हतं. उरलेल्या अक्षरांत त्याने नातीसाठी वृत्तात बसणाऱ्या चार ओळी लिहिल्या. त्यातली एक काढून मी बाबा, मन, पाऊस आणि मोगरा घातला. शोधून शोधून ओठांची अक्षरं.

आणि बाबा कवितेत का नव्हता, तेही कळलं. बाबा, बाप, पिता, कसंही म्हणा, ओठ मिटल्याशिवाय होत नाही. आईला ते लागत नाही.

बायकोला दाखवलं. तिने वर्गांचा तक्ता वरपासून खालपर्यंत बोटाने वाचला. मग म्हणाली, उद्या सकाळी कामावर जाण्याआधी नौपाड्याला जा, आणि तिथे जास्त बोलू नकोस.

शनिवारी सकाळी आठला मी तिथे होतो. सासरे पेपर वाचत होते. मी मूळ कागद पुढे ठेवला आणि प-वर्गासमोरची रिकामी जागा बोटाने दाखवली. त्यांनी चष्म्यातून आधी तक्ता बघितला, मग मला.

"ध्यानात आलं?"

म्हटलं, आलं, पण उशिरा. मी रचलेली ओळ रद्द आहे, हेच छापायला देतो, आणि लग्नात तुम्हीच म्हणायचं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, नाही म्हणणार. सासूबाई आतल्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग मी एक प्रामाणिक शंका विचारली, कारण ती मला खरंच सतावत होती: सगळं कळलं, पण चौथ्या ओळीतली सात अक्षरं कुठे गेली?

"ती सगळ्यांची," सासरे म्हणाले.

मंगलाष्टकाचा शेवट, 'कुर्यात् सदा मंगलम्', तो कुठल्याही लग्नात सगळा हॉल म्हणतो. बरोबर सात अक्षरं. त्यात दोन 'म' आहेत, ते त्यांना जमणार नव्हते, आणि ते त्यांनी म्हणायची गरजही नव्हती. श्वासाची जागा बाराव्या अक्षरानंतरच असते. तिथे ते थांबणार होते, उरलेलं आपण म्हणायचं.

"चुका किती निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"सही करा." मी केली. "नि तारीख."

हॉलच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं की मुली येऊ देत, बाकीची त्यांनी म्हणावीत, पण शेवटच्या मंगलाष्टकाला कीबोर्ड बंद. तो म्हणाला, "साहेब, शेवटचंच तर सगळ्यात भारी वाजवतात." मी म्हटलं, असेल.

लग्न डोंबिवलीत झालं, दुपारच्या मुहूर्ताला. मुलींनी छान म्हटली मंगलाष्टकं. मग सासऱ्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. डाव्या हातात रुमाल आणि उजव्या हातात माइक. डेपोतला आवाज राहिला नव्हता, मधेच कापरा लागत होता. पण अक्षर न अक्षर सुटं. हॉलमधल्या कुणालाही कळलं नसेल की काही टाळलं जातंय. अंतरपाटामागे थोरली मान खाली घालून उभी होती, 'जा लेकी'ला तिने वर पाहिलं.

चौथी ओळ आली. 'आजोळी दिन एक ये, न चुकता', आणि ते थांबले.

छापलेले कागद वाटलेले होते, पण कागद कोण बघतं? पाहुण्यांना वाटलं म्हातारे अडखळले. गाणाऱ्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. सासरे माइक खाली घेऊन शांतपणे वाट बघत होते आणि हॉल त्यांची वाट बघत होता. माझा सूर कसा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आरतीतसुद्धा मला टाळ्यांवर ठेवतात. पण दुसरं कुणी सुरू करेना, तेव्हा मी 'कुर्यात्' एवढं मोठ्याने म्हटलं, कुठल्या पट्टीत ते विचारू नका. तिसऱ्या अक्षराला बायकोचा आवाज आला, चौथ्याला सासूबाईंचा, आणि 'मंगलम्'पर्यंत सगळा हॉल. मग सावधान, अक्षता, वाजंत्री, गोंधळ. सासरे खुर्चीत बसून रुमालाने तोंड पुसत होते. जानेवारीतसुद्धा त्यांना घाम आलेला.

संध्याकाळी घरी आलो. थोरली सासरी गेलेली, धाकटी मेंदीच्या हातांनी सोफ्यावर झोपलेली. बायको आरशासमोर बसून अंबाड्यातल्या पिना काढत होती. मी म्हटलं, बाबांनी छान म्हटलं. ती हो म्हणाली. मग काढलेल्या पिना डबीत टाकत म्हणाली, "बाबा सांगत होते, 'प' थोडा थोडा यायला लागलाय. धाकटीचं लग्न होईपर्यंत 'म'सुद्धा येईल म्हणाले. तेव्हाचं मंगलाष्टक तुला छापून आल्यावर दाखवायचं, असं आमचं ठरलंय."